बांधावरचा सातवा

१

विनिताला लहानपणी वाटायचं, जपान म्हणजे कामणच्या खाडीपलीकडचं गाव. आपली बस तिथवर जात नाही, एवढंच. यात तिची फार चूक नव्हती. जन्मात तिने एकच जपानी सिनेमा पाहिला होता आणि त्यात सगळं कामणसारखंच होतं. खाजण, बांध, पोटरीएवढा चिखल, डोक्यावर गवताच्या टोप्या. फरक इतकाच की तिथली माणसं अंगभर काळे कपडे घालून, तोंड बांधून फिरायची आणि पाण्यातून दुमजली घराएवढी चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, वर यायची. चिंबोरीच्या पाठीवर चेन दिसायची, आपल्या स्वेटरला असते तशी. चेन सगळ्यांना दिसायची आणि तरी सगळे घाबरायचे.

सिनेमा तिच्या वडिलांचा. म्हणजे शत्रुघ्न भोईरांचा. पंच्याऐंशीच्या आसपास कामणात व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने देणारे ते एकटे. हळद असो, बारसं असो, पूजा असो, ‘व्हिडिओ आणला’ म्हणजे शत्रुघ्न आले. मुंबईहून आणलेल्या जुन्या कॅसेटींच्या ढिगात ही एक फुकट आली होती. नाव नाही, खाली अक्षरं नाहीत, बोलणं सगळं जपानी. दुसऱ्याने फेकून दिली असती. शत्रुघ्नांनी टीव्हीचा आवाज बारीक केला आणि गोष्ट स्वतःच सांगायला घेतली.

हा सिनेमा लागायचा हळदीच्या दुपारी, फक्त बायकांसाठी. खिडक्यांना गोणपाट, आत चाळीस बायका आणि टीव्हीच्या मागे, बायकांकडे पाठ करून भिंतीशी बसलेले शत्रुघ्न. परक्या बायका मोकळ्या बसल्यात तर आपण बघू नये, ही त्यांची रीत. त्यांना पडदा दिसायचा नाही. नुसत्या आवाजावरून कळायचं कोण कुठे पोचलाय ते.

मध्यावर सात काळे जण एकामागोमाग एक बांधावरून चिंबोरीकडे निघायचे. शत्रुघ्न पहिल्या सहांना गावातल्या बाप्यांची नावं द्यायचे. हा पोलीसपाटील, हा मास्तर, हा दळणवाला कृष्णा, बघा कसा पोट सांभाळत चाललाय. मग ते थांबायचे.

“आनि सातवा कोन?”

कामणातल्या बायका तेव्हा नवऱ्याचं नाव घेत नसत. उखाण्यात घेतलं तर तेही मान खाली घालून. इथे मात्र काळोखात कोण ओरडलं ते कळायचं नाही. जिचा नवरा जास्त डोक्यावर बसलेला, ती आधी ओरडायची. नवऱ्याला चिंबोरीच्या तोंडी देऊन बायका पदर तोंडात कोंबून हसायच्या.

विनिताची आई, भागूबाई, कधी ओरडली नाही. ती दाराशी बसायची, प्लग निघू नये म्हणून तो हाताने दाबून धरत. एवढ्या वर्षांत तिने सिनेमा धड एकदाही पाहिला नव्हता.

२

आता विनिता पंचेचाळीसची. गोखिवऱ्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, नवरा संग्राम तिथल्याच एका पॅकिंगच्या कारखान्यात सुपरवायझर, आणि दोन वर्षांपासून आई त्यांच्याकडे. रविवारचा क्रम ठरलेला. मासळी, भात, संग्रामची झोप, आईची मालिका. विनिताने कपड्यांच्या घड्या घालायच्या आणि मनातल्या मनात सगळ्यांना नावं ठेवायची.

वडील जाऊन एकोणतीस वर्षं झाली. फोटो पुष्कळ होते, आवाज कुठेच नव्हता. विनिताला त्यांची वाक्यं आठवायची, पण हल्ली ती तिच्याच आवाजात ऐकू यायची. हे तिला कुणाला सांगता येत नव्हतं. आवाज हरवला म्हणून पोलिसात जाता येत नाही. तिने फक्त ओळखीच्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, जुनी हळद, जुनं लग्न, काही सापडलं तर बघा.

गिरीजचा ॲल्रॉय जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर भरून द्यायचा. त्याचे वडील, बॅप्टिस्ट नावाचे, लग्नांचं शूटिंग करायचे. त्याचा फोन आला.

“विनिताताई, तुमच्या कामणची एक हळद मिळालीय. पप्पांनी नवरदेवाला सोडून दारातून टीव्हीचंच शूटिंग केलंय. अकरा मिनिटं. तुम्ही या, बघा, तुमचे बाबा बडबडतायत का ते.”

दुकानात त्याने स्टूल पुसून दिलं. पडद्यावर टीव्ही, त्या टीव्हीत बांध, बांधावर काळी माणसं. आणि बाजूने आवाज. विनिताने कल्पनेत त्याला जरा भारदस्त करून ठेवलं होतं. खरा आवाज बारीक निघाला, सर्दी झाल्यासारखा. तिने ओठ आवळून धरले.

“आनि सातवा कोन?”

“रामूदादा,” एक चिरका पोरीचा आवाज सगळ्यांच्या आधी ओरडला. मागून बायकांच्या हसण्याचा लोंढा.

“ही कोण कार्टी?” ॲल्रॉयने विचारलं.

“मी,” विनिता म्हणाली.

रामूदादा म्हणजे चुलतभाऊ, त्या दिवशीचा नवरदेव. लग्नानंतर चार महिन्यांनी तो भरदुपारी उघाडी बघायला गेला. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला दार असतं, ते. गेला तो आलाच नाही. बुडाला म्हणावं तर काही सापडलं नाही.

अकराव्या मिनिटाला पडदा काळा झाला आणि बायका ‘आऽऽ’ करून ओरडल्या.

“लाइट गेली वाटतं,” ॲल्रॉय म्हणाला. “पुढे काही नाही.”

३

घरी तिने पेनड्राइव्ह टीव्हीला लावला तेव्हा जेवणं झाली होती. आई आतल्या खोलीत आडवी झालेली. संग्राम सोफ्यावर, पोटावर हात ठेवून.

“हा सिनेमा? तो खेकडा म्हणजे गादी आहे, विनिता. कोपरा फाटलाय बघ.”

“गप बैस. बाबा बोलतायत.”

साताऱ्याच्या माण तालुक्यातला माणूस तो. भरतीचं पाणी त्याने पहिल्यांदा पाहिलं ते लग्न ठरल्यावर. पण तो गप्प बसला, कारण बायकोचे डोळे भरलेले होते.

पोलीसपाटील झाला, मास्तर झाला, कृष्णा झाला. सहा झाले.

“आनि सातवा कोन?”

कुणी ओरडलं नाही. पोरगी नाही, बायका नाहीत. नुसती कॅसेटची खरखर. बांधावरची माणसंही चालायची थांबल्यासारखी वाटली. विनिताला वाटलं, आवाज अडकला. पण खरखर चालू होती आणि तिच्यामागे कुणीतरी श्वास धरून वाट बघत होतं. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, ही सवय तिला अक्षरओळखीच्या आधीपासूनची. तिच्या तोंडून आपसूक निघालं.

“संग्राम.”

“मला का पाठवतेस?”

“ओले टॉवेल पलंगावर टाकतोस म्हणून.”

तो हसला. टीव्हीतून बाबा म्हणाले, “हं.” आणि माणसं पुन्हा चालू लागली.

४

सोमवारी संध्याकाळी, चहा उकळेपर्यंत ऐकू म्हणून तिने परत लावलं.

“हा मास्तर, हा कृष्णा,” बाबा सांगत होते. “आनि सातवा आमचा जावई. संग्राम. साताऱ्याकडचा हाय, पान्याला बिचकतो. हलूहलू शिकंल.”

चहा उतू गेला.

विनिताने गॅस बंद केला, ओटा पुसला, मग परत एकदा ओटा पुसला. डोक्याला समजावलं. बाबा गेले तेव्हा ती सोळाची. संग्रामचं नाव त्यांना माहीत असायचं कारण नाही. म्हणजे कुणीतरी दुसरा संग्राम. दुसरा जावई. साताऱ्याकडचे जावई कामणात तेव्हा भरपूर होते का? एकही नव्हता. बरं, मग ॲल्रॉयने गंमत केली असेल. हल्ली कॉम्प्युटर कुणाच्याही आवाजात काहीही बोलतो म्हणतात.

तिने त्याला फोन लावला. ॲल्रॉयने त्याच्याकडची कॉपी लावून फोन स्पीकरजवळ धरला. “सातवा कोन?” “रामूदादा.” हसणं. काळोख. सगळं जागच्या जागी.

“ताई, फाइल काय आपोआप बदलत नसते.”

“माहितेय रे,” विनिता म्हणाली. तेच तर तीही स्वतःला सांगत होती.

मंगळवारी संग्राम बेडरूममधून हॉलपर्यंत फरशीच्या जोडावरून चालत आला. टाचेला अंगठा लावून, हात किंचित पसरून.

“काय रे, फॅशन शो आहे का?”

तो थांबला. पायांकडे बघत राहिला. “घसरायला होतं,” म्हणाला.

गुरुवारी त्याच्या नखांत राखाडी चिखल होता. कारखान्यात पुठ्ठे असतात, चिखल नसतो. शुक्रवारी जेवताना त्याने पाणी मागितलं, ते “पानी” म्हणून मागितलं. आईने ताटातून मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मग विनिताकडे.

आणि विनिताने काय केलं? एखाद्या शहाण्या बाईने पेनड्राइव्ह काढून कचऱ्यात टाकला असता. विनिता रोज लावत होती. बाबा आता रोज नवीन काहीतरी बोलत होते. एकदा म्हणाले, “विनीला चिंबोरीची नांगी ठेवा, ती पोर मागून रडते.” ते ऐकायला तिने ते तीनदा लावलं.

५

शनिवारी दुपारी तिने नीट बघायचं ठरवलं. रडायचं नाही, फक्त बघायचं.

फाइल सतरा मिनिटांची झाली होती.

लाइट गेली होती त्याच्यापुढचं दिसत होतं. सहा जण एका चालीने, आणि मागे सातवा. त्याने चालता चालता कमरेची पँट वर ओढली. डाव्या हाताने, मागच्या बाजूने, पट्ट्याच्या खाली अंगठा घालून. विनिताने गेली एकवीस वर्षं त्याबद्दल संग्रामला बोलून घेतलं होतं. नवा पट्टा आण म्हणून.

बांध संपत आला होता. पुढे पाणी फुगलं आणि त्यातून पाठ वर आली. विनिताने सवयीने चेन शोधली. चेन नव्हती. फाटलेला कोपरा नव्हता. ओलं, काळपट काहीतरी, त्यावर शेवाळ, आणि ते श्वास घेतल्यासारखं वरखाली होत होतं. टीव्हीत टीव्ही, त्यात एवढंसं दिसणारं. तरी तिने पाय सोफ्यावर घेतले.

फोन वाजला. खालच्या मजल्यावरची संजना होती.

“वहिनी, रागावू नका, पण भाऊजी कंपाउंडच्या भिंतीवरून चालतायत. वॉचमन हाका मारतोय, ऐकत नाहीयेत.”

विनिता चप्पल न घालता धावली. दोघातिघांनी त्याला उतरवून घेतलं. कुणीतरी म्हणालं, साहेबांना ऊन लागलं. त्याच्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि त्याला खाजणाचा वास येत होता, सडक्या गवताचा आणि मिठाचा. गोखिवऱ्यातल्या कोरड्या, सिमेंटच्या सोसायटीत.

“कुठे निघाला होतास?”

“उघाडी उघडी राहिलीय,” संग्राम समजुतीच्या सुरात म्हणाला. “पानी शेतात जाईल.”

त्याला उघाडी हा शब्द तिने कधी सांगितला नव्हता.

६

आई ताटात वाल सोलत बसली होती. विनिताने तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. सांगताना आपलं आपल्यालाच हसू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. आईलाही आलं नाही.

“तू नाव दिलंस त्याचं,” आई म्हणाली.

“आये, सिनेमा आहे गं तो.”

“रामूचं नाव पन तूच दिलेलंस. दहा वर्साची होतीस, तुला काय कलतं.” आईने एक वाल दाबला, साल उडालं. “तुजा बाप शेवटाला काय म्हनायचा, आठवतं?”

विनिताला आठवलं. सहा जण परत यायचे, सातवा यायचा नाही. बायका गप्प व्हायच्या. तेवढ्यात टीव्हीमागून बाबा म्हणायचे, सातवा मीच गं, तुमचा व्हिडिओवाला. तुमचे सगळे घरी आलेत, मोजून घ्या. मग बायका उठून हळदीला जायच्या.

“दर वेलेला म्हनायचा. त्या दिवशी लाइट गेली. नवरीची मानसं घाई करत होती. सिनेमा तसाच राहिला.”

“आणि रामूदादा...”

“त्याला आठ दिवस शोधत होता बांधानं. मग व्हिडिओ विकून टाकला.”

“केबल आली म्हणून विकला ना?”

“केबल दोन वर्सांनी आली,” आई म्हणाली.

विनिताने ताटातला एक वाल उचलून सोलला. “पुसूनच टाकते फाइल.”

“आनि जावई? निम्म्यावर आलाय तो. पुसल्यावर त्याला कोन हाक मारनार?”

म्हणजे त्याच्या जागी दुसरं नाव द्यायला हवं होतं. विनिताने खरंच यादी केली, हे तिने नंतर कुणाकडेही कबूल केलं नसतं. सोसायटीचा सेक्रेटरी. ऑफिसातली एक बाई. दोन नावांनंतर तिला स्वतःची लाज वाटली. नाव एकच होतं आणि ते बाबांनी दर वेळी स्वतःच दिलेलं होतं. शत्रुघ्न. ते दिलं की ते रांगेत जाणार, आणि रांगेतली माणसं बोलत नाहीत. एकोणतीस वर्षांनी आवाज सापडला होता आणि सापडून आठ दिवसही झाले नव्हते.

“मला जमेल का गं आये?”

“नवऱ्यासाटी जमवावं लागतं,” आई म्हणाली आणि वाल धुवायला उठली.

७

रविवारी मासळी केली नाही. संग्रामला आतल्या खोलीत पलंगावर बसवलं. तो दाराकडे तोंड करून बसला, पाय जमिनीवर, उठायच्या तयारीत. त्याच्या डोळ्यांत विनिता नव्हती. दार उघडं ठेवून तिने टीव्ही लावला.

आई सोफ्यावर येऊन बसली. चांगलं लुगडं नेसलेली. मांडीवर रिकामे हात. विनिताला ते हात बघून विचित्र वाटलं, आईचे हात असे कधी रिकामे नसत.

या खेपेला बाबांनी पाटील, मास्तर काही सांगितलंच नाही. पाणी पार वर आलं होतं. सहा जण बांधाच्या टोकाशी उभे होते, सातवा त्यांच्या पुढे निघून पाण्यात उतरायला एक पाय उचलून थबकलेला. आतल्या खोलीत पलंग करकरला.

“आनि सातवा कोन?”

विनिताने तोंड उघडलं. शत्रुघ्न. चार अक्षरंही नाहीत. पण तिच्या मनात आलं, एकदाच अजून विचारू देत. एकदाच ‘कोन’ म्हणू देत. तेवढाच एक श्वास तिने उशीर केला.

“मी,” आई म्हणाली.

खरखर थांबली. मागचं खाजण, पाणी, सगळ्याचा आवाज गेला.

“मी कोन?” बाबांनी विचारलं. आवाज आता टीव्हीच्या मागून येत होता. भिंतीशी बसून बोलावं तसा.

आईने डोक्यावरून पदर घेतला. लग्नाला अठ्ठावन्न वर्षं झाली होती, आणि उखाणा सोडून तिने ते नाव घेतलेलं विनिताने कधी ऐकलं नव्हतं.

“शत्रुघ्नची भागू,” आई म्हणाली. अगदी सहज. जणू रोज घेते.

बाबा हसले. पूर्वी ते बायकांच्या शोमध्ये कधी हसायचे नाहीत, दुसऱ्यांना हसवायचे.

“आये,” विनिता म्हणाली. “आये, तू नको.”

आतून संग्राम जांभई देत दारात आला. “किती वाजले गं? माझे पाय का एवढे दुखतायत? चहा टाकतेस का?” त्याने पँट वर ओढली. विनिताला रडू आलं आणि तिने हाताने त्याला गप्प राहायची खूण केली, कारण पडद्यावर माणसं निघाली होती.

सहा जण, आणि त्यांच्यामागे सातवं. बुटकं, अंगाने सुटलेलं, कासोटा खोचल्यासारखं काळं कापड. पाऊल बेताचं, चिखलात रोवून मग उचलायचं, जन्मभर बांधावरून चालल्यासारखं. त्याला घसरायची भीती नव्हती. बांधाच्या टोकाशी सगळ्यात पुढे आता आणखी एक जण उभा दिसत होता. डावा खांदा उतरलेला, त्या खांद्यावर वर्षानुवर्षं टीव्ही वाहून नेल्यासारखा. या सिनेमात कधी कुणी कुणासाठी थांबलं नव्हतं. तो मागे वळून थांबला होता.

“आईंना झोप लागली का?” संग्रामने हळूच विचारलं.

विनिता पडद्याकडे बघत राहिली. ती दोघं अजून दिसत होती. दिसत होती तोवर तिने सोफ्याकडे मान वळवली नाही.